आप्पांचा ठिपका

दर वर्षी पहिल्या सत्रात एक तास असा येतो, की घसा बसलाय असं सांगून तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावा असं मला वाटतं. फळ्यावर दोन अक्ष काढायचे, त्यांच्यामध्ये खडूनं ठिपके टाकायचे आणि त्या गर्दीतून एक सरळ रेषा ओढायची. सगळ्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा, म्हणजे बेस्ट फिट. मुलं वहीत उतरवून घेतात. मग कुणीतरी विचारतंच, की मॅडम, ही रेषा तर एकाही ठिपक्यातून जात नाही. त्यावर मी हसून म्हणते, जायलाच पाहिजे असं काही नाही. हे हसू माझं नाही, मी ते आमच्या सरांकडून उचललंय. इतकी वर्षं वापरून आता ते माझ्या तोंडावर बरोबर बसतं. त्या रेषेबद्दल माझं स्वतःचं जे मत आहे ते अभ्यासक्रमात नाही, म्हणून ते इथं लिहिते.

तेव्हा आम्ही बजाजनगरला राहत होतो. आता शहराचं नाव बदललं, रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंनी मंगल कार्यालयं उभी राहिली. तेव्हा मात्र बस गावाबाहेर पडली की नुसता माळ होता आणि माळावर पत्र्याच्या शेडी. माझ्या आजोबांनी मेंढरं राखली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नानंतर कळपातला आपला वाटा चुलत्यांना देऊन टाकला आणि चिकलठाण्याच्या एका शेडीत पॉवर प्रेसवर उभे राहिले. त्या मालकाचा तो पहिला प्रेस आणि आप्पा पहिला कामगार. पुढं मालकानं वाळूजला मोठी शेड टाकली, तेव्हा जुन्यातले एकटे आप्पाच त्याच्यासोबत आले. बाकी सगळी भरती नवी. त्यामुळं शेडीत आप्पांच्या खालोखाल जुनी माणसं जी होती, त्यांच्या आणि आप्पांच्या नोकरीत दहा-अकरा वर्षांचं अंतर होतं. मधे कुणीच नाही. ही गोष्ट आत्ता बारीक वाटेल, पण ती ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं तिच्यावरच फिरलं.

प्रेसचं काम सांगायला सोपं. पत्र्याची पट्टी डायखाली सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, ठाण्णकन आवाज होतो आणि एक जॉब खाली पडतो. जॉब म्हणजे तो कापलेला, वाकवलेला लोखंडाचा तुकडा. कुठल्यातरी गाडीच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तो बसत असे. आप्पांनी जन्मभर तो तुकडा काढला, पण तो गाडीत नेमका कुठं बसतो ते त्यांना कधी कुणी दाखवलं नाही. त्या ठाण्ण-ठाण्णमध्ये त्यांचा डावा कान गेला आणि उजवा जायच्या वाटेवर होता. म्हणून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं. माझी ती सवय अजून गेली नाही. शेवटच्या बाकावरची मुलं म्हणतात, मॅडमला माइक लागत नाही.

दोन खोल्यांचं घर आणि समाईक भिंतीपलीकडं नामदेवकाका. हे आप्पांच्याच शेडीत, वाळूजच्या पहिल्या भरतीतले. त्यांची बायको पार्वतीकाकू आणि माझी माय यांच्यात एक स्टीलचा कडीचा डबा सतत ये-जा करत असे. तो मूळचा कुणाचा हे दोघींनाही सांगता आलं नसतं. मायनं हुलग्याचं माडगं केलं की डबा पलीकडं. पलीकडून तो अंबाडीची भाजी घेऊन परत. काही नसलं तर मूठभर शेंगदाणे, नाहीतर गुळाचा खडा. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. एकदा काकूंच्या घरात खरंच काही नव्हतं, तेव्हा त्यांनी डब्यात दारच्या कडुनिंबाची डहाळी ठेवून पाठवली होती आणि माय दिवसभर हसत होती. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की आप्पा आणि नामदेवकाका एका सायकलवर निघत. काका चालवायचे, आप्पा मागं बसून मोठ्यांदा बोलायचे आणि काका नुसती मान हलवायचे, कारण उत्तर दिलं तरी ऐकू जाणार नव्हतं.

मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, संख्याशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं मीच पहिलं माणूस, त्यात मुलगी, त्यात विषयाचं नाव असलं की गावाकडची माणसं विचारायची, "म्हंजी तलाठी होती का ती?" पण मला तो विषय मनापासून आवडायचा. विशेषतः ती रेषा. घरात, वस्तीत, बसमध्ये सगळीकडं नुसता कालवा, आणि इथं एक रेषा येऊन सांगते की ह्या कालव्याचा रोख अमुक दिशेला आहे. प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा ठरवायची. वर्ग केल्यामुळं लांबच्या ठिपक्याचं ओझं फार होतं. दुप्पट लांब असला तर चौपट. मला हे न्यायाचं वाटायचं. लांब पडलेल्याची जास्त दखल घेतली जाते असा मी त्याचा अर्थ लावला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला कसला अर्थ लावावासा वाटेल ह्याचा नेम नसतो.

त्याच साली शेडीत पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला. बोलायला गोड, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. गाड्यांचा खप उतरला होता आणि मालकाला माणसं कमी करायची होती. आजवर अशा वेळी मालक स्वतः यायचा, ज्याच्याशी पटत नाही त्याला घालवायचा, आणि लोक त्याला शिव्या देऊन मोकळे व्हायचे. ह्यानं तसं केलं नाही. त्यानं महिनाभर पाळी सुटताना प्रत्येकाच्या क्रेटातले जॉब मोजून लिहून घेतले, कम्प्युटरवर आलेख काढला आणि त्याची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात दिली. आडवी नोकरीची वर्षं, उभे एका पाळीत निघणारे जॉब, प्रत्येक ठिपक्याजवळ टोकन नंबर आणि मधून जाणारी एक जाड रेषा. सांगितलं असं, की रेषेच्या वर राहा. दिवाळीनंतर पुन्हा असाच आलेख निघेल आणि तेव्हा जे रेषेच्या फार खाली असतील त्यांना कंपनी ठेवू शकणार नाही. ह्यात कुणाची मर्जी नाही, कुणाचा द्वेष नाही, सगळं समोर आहे. तो माणूस मनानं वाईट नव्हता, असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी आप्पा पाळी सुटल्यावर थेट गुलमंडीला गेले आणि इमरती घेऊन आले. आमच्याकडं इमरती म्हणजे निकालाच्या दिवशी. द्रोणातून तूप गळत होतं. दारातूनच ते ओरडले, "सुमे! ह्यो कागद बघ. ह्यो सगळ्यात वरचा ठिपका कुणाचा हाय, सांग!"

मी टोकन नंबर वाचला. "तुमचा."

"माझ्या वर हाय का कुणी?"

"नाही, आप्पा."

"मंग! म्हातारा म्हणत्येत मला पोट्टे. सगळ्या शेडीत एवढे जॉब कुणाचे नायत." मायनं चार इमरत्या डब्यात घालून पलीकडं पाठवल्यासुद्धा. मी एक तुकडा तोंडात घातला होता आणि कागद पुन्हा बघत होते. ठिपका सगळ्यात वर होता हे खरं. पण तो सगळ्यात उजवीकडंही होता, एकटा. आणि ती जाड रेषा डावीकडच्या दाट ठिपक्यांतून चढत-चढत जी निघाली होती, ती आप्पांच्या ठिपक्याच्या कितीतरी वरून निघून गेली होती. सगळ्या कागदावर रेषेपासून इतका खाली दुसरा एकही ठिपका नव्हता.

नवा माणूस पहिल्या चार-सहा वर्षांत भराभर तयार होतो. दर वर्षी त्याचे जॉब वाढतात, म्हणून रेषा चढते. मग माणसाचा हात जेवढा बसायचा तेवढा बसतो, वाढ थांबते आणि पुढं गुडघे बोलायला लागतात. रेषेला हे माहीत नसतं. ती सरळ आहे, ती सरळच जाते. जिथं माणसंच नाहीत अशा दहा वर्षांच्या मोकळ्या जागेतून ती तशीच चढत गेली आणि आप्पांपाशी पोचली तेव्हा तिनं त्यांच्याकडं जे मागितलं, ते देवानंही दिलं नसतं. आप्पांच्या ठिपक्यानं थोडं आपल्याकडं ओढून तिला खाली आणलं होतं, तरीही.

मी हे आप्पांना ओरडून सांगितलं. असली गोष्ट ओरडून सांगायला लागणं ही वेगळीच शिक्षा आहे.

"वर असून खाली?" आप्पा हसले. "पोरी, तू कॉलेजात जाती का मुशायऱ्यात?"

मी जमिनीवर शेंगदाणे मांडले, खराट्याची काडी घेऊन त्यावर ठेवली आणि दाखवलं. आप्पा उकिडवे बसून बघत राहिले. समजलं आधी मायला. ती चुलीपुढून म्हणाली, "म्हंजी जितकं वय जास्ती, तितकं काम जास्ती मागणार. बैलालासुदिक अशी तऱ्हा कुणी लावत नाय." आप्पांनी काडी उचलून बाजूला ठेवली आणि शेंगदाणे गोळा करून खाऊन टाकले. इमरतीला नंतर कुणी हात लावला नाही. सकाळी तिला मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद कॉलेजात सरांना दाखवला. सर हरखले. "वा! प्रत्यक्षातलं उदाहरण. एक झेरॉक्स मला दे." मी आप्पांच्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, सर, ह्याचं काय? ते म्हणाले, हा फार लांबचा आहे. असा एकटा ठिपका सगळ्या रेषेला आपल्याकडं ओढतो. तो हलला की रेषा हलते. काढून टाकलेला बरा.

"सर, ते माझे वडील आहेत."

सर हसले. तेच हसू. "आकडेवारीत वडील नसतात," ते म्हणाले आणि झेरॉक्सला निघून गेले. आजही ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि शरम अशी की ते चूक आहे हे मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

आप्पांनी धीर करून इंजिनिअरला विचारलं. मी पढवून पाठवलं होतं, की साहेब, मधल्या वर्षांची माणसंच नाहीत, मग रेषा तिथून कशी नेली? ते परत आले तेव्हा मी काही विचारायच्या आत म्हणाले, "कम्प्युटरनं काढलंय म्हणले." आणि हात धुवायला मोरीत गेले. मालकाशी भांडता येतं, गाऱ्हाणं घालता येतं, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पायावर डोकं ठेवता येतं. कम्प्युटरचे पाय कुठं धरणार?

उपाय काढला नामदेवकाकांनी. एका रविवारी सकाळी शेडीतली दहा-बाराजणं आमच्या ओट्यावर जमली. मी आत चहा करत होते. काका म्हणाले, "गावाकडं सुगीला आपण काय करतो? सावड करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याचा बैल बसला त्याच्या औताला शेजारी बैल जोडून देतो का नाय? मंग हितं काय आडवं आलं? पाळी सुटायच्या टायमाला जेनं तेनं आपल्यातले दोन-दोन जॉब आप्पाच्या क्रेटात टाकायचे. सगळ्या शेडीतल्या पोरांनी. दोन जॉब कुणाला जड नायत. आप्पाचा ठिपका जाऊन बसतो रेघंवर."

ही सावड आमच्या लोकांच्या रक्तातली. तीत कुणी हिशेब मागत नाही, आणि घेतलेली सावड फेडल्याशिवाय कुणी मरत नाही असं म्हणतात. सगळ्यांनी व्हय-व्हय केलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी, हातात चहाची किटली घेऊन, दारात उभी राहून गणित करत होते. मला सरांचं वाक्य आठवलं होतं: तो हलला की रेषा हलते.

मी म्हणाले, "काका, असं केलं तर तुम्ही खाली जाल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी समोरच्या हातपंपाकडं बोट केलं. म्हणाले, "तो दांडा बघा. आप्पा दांड्याच्या पार टोकाला हायत. टोक वर उचललं की मधल्या खुंट्याच्या ह्या बाजूचा सगळा दांडा वर जातो. नवी पोरं खुंट्याच्या पलीकडं, त्यांच्याकडं तो उलटा खाली येईल. त्यांना फायदाच हाय. पण तुम्ही, म्हणजे वाळूजच्या पहिल्या भरतीतली माणसं, खुंट्याच्या ह्या बाजूला, आप्पांच्या बाजूला. रेषा तुमच्या डोक्यावरून वर जाणार. आणि वर तुम्ही दोन-दोन जॉब देऊन आणखी खाली उतरणार. आप्पा वाचतील. तुम्ही जाल."

 मग नामदेवकाका मोठ्यांदा हसले. "आगं सुमे, देणाऱ्याचा तोटा व्हतो व्हय सावडीत? सावडीनं कुणी बुडाल्यालं तू ऐकलंय का कधी?"

"ही सावड नाही, काका. हा आलेख हाय."

"लई शिकलीस," एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले. तेवढ्यात आप्पांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा. "सुमे, चहा दे आन् आत जा." मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. डावा कान गेला होता, पण ते उजव्या बाजूनं माझ्याकडं वळून बसले होते आणि मी काय म्हणाले ते त्यांना नीट कळलं होतं. माझ्या नजरेला त्यांना नजर देता आली नाही, एवढ्यावरून मी ते सांगते. मी आत गेले. सगळे उठून गेल्यावर मायनं विचारलं, "आन् नामदेवभाऊजीचं काय, ती म्हणती तसं झालं तर?" आप्पा म्हणाले, "पोरीचं वरीस पुरं व्हायचंय." एवढंच. म्हणजे ओझं माझ्याच डोक्यावर.

सावड सुरू झाली. दिवाळी गेली. आप्पा घरी गप्प-गप्प येत, पण चेहऱ्यावर रंग परतला होता. सायकलवर मागं बसून पुन्हा मोठ्यांदा बोलायला लागले होते. पलीकडून डब्यात करंज्या आल्या, आमच्याकडून शेव गेली. मी रोज देवापुढं, ज्याच्यावर माझा फारसा विश्वास नव्हता, हात जोडून म्हणायचे की माझं गणित चुकू दे. परीक्षेत असं कुणी मागत नाही.

गणित चुकलं नाही. नवा आलेख लागला, आणि त्या दिवशी जे घडलं ते मला नामदेवकाकांच्याच तोंडून कळलं, कारण आप्पा त्यावर कधी बोलले नाहीत. दुपारी प्रेस बंद करून सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. इंजिनिअरनं आधी आप्पांना पुढं बोलावलं. ह्या वयात एवढी सुधारणा, म्हणाला, तरुणांनी आदर्श घ्यावा. आप्पांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. ज्यांच्या-ज्यांच्या क्रेटातून ती सुधारणा आली होती ती सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. नामदेवकाकांनीही वाजवल्या. मग इंजिनिअरनं कागद काढला आणि रेषेच्या फार खाली गेलेल्यांचे टोकन नंबर वाचले. सगळे वाळूजच्या पहिल्या भरतीतले. नामदेवकाकांचा नंबर त्यात होता. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, पण ह्यानं तेही म्हटलं नाही. सगळ्यांशी हात मिळवला आणि पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे मधे लटकत राहायला नको. पहिली भरती निघून गेल्यावर सावड मोडली. राहिली ती नवी पोरं, त्यांना गावची सुगी माहीत नव्हती. आप्पांचा ठिपका पुन्हा जिथल्या तिथं आला. खालचे काढून टाकले की उरलेल्यांतून नवी रेषा काढायची असते, आणि नव्या रेषेच्याही खाली कुणीतरी असतंच. हे मी आज खडूनं शिकवते, त्या काळात डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या खेपेला आप्पांची नोकरी गेली. शाल घरीच होती, नारळ मात्र कुणी दिला नाही. माझं वर्ष तेवढ्यात पुरं झालं होतं. माझ्या पदवीखाली काय-काय पुरलंय ते मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला आप्पांची कीव येते तसा त्यांचा रागही येतो. ते जाऊन बरीच वर्षं झाली. राग गेला नाही.

पण मला सांगायची आहे ती शालीच्या दिवशीची संध्याकाळ, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आप्पा त्या संध्याकाळी पायी घरी आले. नारळ ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. थोड्या वेळानं पलीकडं सायकल लावल्याचा आवाज आला. नामदेवकाका आमच्या दाराशी आले, उंबऱ्याच्या बाहेरच थांबले, आणि काय-काय झालं ते मायला शांतपणे सांगितलं. आप्पा उठले नाहीत. जाताना काका मला म्हणाले, "तुझं बराबर निघालं गं." ते टोमणा मारत नव्हते, खरंच कौतुक करत होते. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मायनं नारळ फोडला. म्हणाली, "नारळाचा काय दोष?" अर्धा खवून त्यात गूळ घातला, डबा भरला आणि मला पलीकडं पाठवलं. पार्वतीकाकूंनी डबा घेतला. एरवी त्या लगेच झाकण उघडून वास घ्यायच्या, त्या दिवशी उघडला नाही. म्हणाल्या, "सकाळी देते डबा."

सकाळी त्या आल्या, तेव्हा आप्पा भाकरी खात होते. काकू चौकटीबाहेरच उभ्या राहिल्या. डबा लख्ख घासलेला. मायच्या हातात देताना आत काहीतरी खडखडलं. माय म्हणाली, "आसं काय, या की आत." काकू म्हणाल्या, "नगं. सामान बांधायचंय. हेनी सांगितलं, द्यायचं ऱ्हायलं व्हतं, तेवढं पोचतं कर." आणि त्या वळल्या.

मायनं झाकण उघडलं. आत दोन जॉब होते. आदल्या दिवशी प्रेस दुपारीच बंद झाला, पाळी सुटायची वेळ आलीच नाही, म्हणून काकांचे त्या दिवसाचे सावडीचे दोन जॉब टाकायचे राहून गेले होते. ते त्यांनी खिशातून घरी आणले होते आणि डब्यात घालून पाठवले होते. रात्रभरात त्यांनी ते पुसलेही असावेत, तेलाचा डागसुद्धा नव्हता.

मायनं डबा तसाच उघडा आप्पांच्या पुढ्यात ठेवला. मी आप्पांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, पलीकडं जाईल, काकांच्या गळ्यात पडेल, नाहीतर ते तुकडे घेऊन जाऊन त्या इंजिनिअरच्या टेबलावर आपटेल. निदान रडेल तरी. भोंगा झाला. आप्पा उठले, हात धुतले, डब्यातून ते दोन जॉब काढून घेतले, एकदा पॅन्टला पुसले आणि जेवणाच्या पिशवीत टाकले. त्या दिवसाच्या आपल्या क्रेटात घालायला.